भिंतीवरचा क्रूस आणि डोक्यावरची ओढणी

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला आहे, 'शाळेतली धार्मिक चिन्हं आणि राष्ट्रीय संस्कृती'. विषय फळ्यावर लिहिला तेव्हाच मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे हिजाब." खरं आहे, हिजाबवर बोलणारच आहे. पण त्याआधी तुम्हाला जरा लांब नेते, इटलीला. आपल्या घरातलं भांडण आपल्याला धड दिसत नाही, कारण आपला आवाजही त्यात चढलेला असतो. तेच भांडण परक्या गावात चाललं असेल तर शांतपणे ऐकता येतं आणि कुणाचं कुठे चुकतंय हे चटकन कळतं. मी बरीच वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. दुसऱ्या देशाचं उदाहरण दिलं की वर्गातली मुलं स्वतःबद्दल जास्त मोकळेपणाने बोलतात, हा माझा अनुभव आहे.

इटलीच्या उत्तरेला पादुआ शहराजवळ आबानो तेर्मे नावाचं गाव आहे. तिथल्या सरकारी शाळेत सोइले लाउत्सी या बाईंची दोन मुलं शिकत होती, एक ११ वर्षांचा आणि दुसरा १३ वर्षांचा. बाई मूळच्या फिनलंडच्या, लग्नानंतर इटलीच्या नागरिक झालेल्या. इटलीतल्या बहुतेक सरकारी शाळांत असतो तसा या शाळेतही प्रत्येक वर्गात भिंतीवर क्रूस होता, येशू ख्रिस्ताची मूर्ती असलेला. मुलांना कुठल्याही धर्माच्या छायेशिवाय वाढवायचं असं या आईवडिलांनी ठरवलेलं होतं. एप्रिल २००२ मध्ये शाळा समितीच्या बैठकीत वडिलांनी विचारलं, सरकारी शाळेत हे चिन्ह का? समितीने महिन्याभराने मतदान घेतलं. क्रूस ठेवावा या बाजूने १०, विरोधात २, एक तटस्थ. क्रूस राहिला. बाई न्यायालयात गेल्या.

आता थोडा इतिहास सांगते, कारण पुढचा सगळा वाद 'आमची प्राचीन संस्कृती' या शब्दांवर झाला.

वर्गात क्रूस असावा हा नियम १८६० च्या एका राजाज्ञेपासूनचा. पुढे तो बराच ढिला पडला, अनेक शाळांतून क्रूस उतरलाही. मग ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनी सत्तेवर आला आणि महिन्याभरात शिक्षण खात्याचं परिपत्रक निघालं, की शाळांतून ख्रिस्ताची प्रतिमा आणि राजाची तसबीर काढली गेली आहे, हे खपवून घेतलं जाणार नाही. १९२४ च्या आदेशाने पक्कं झालं की प्रत्येक शाळेत राष्ट्रध्वज आणि प्रत्येक वर्गात क्रूस व राजाची तसबीर हवी. १९२८ च्या आदेशात तर वर्गाच्या सामानाच्या यादीत, बाक आणि फळ्यासोबत, क्रूसही लिहिलेला आहे.

१९४६ मध्ये इटलीच्या जनतेने मतदान करून राजेशाही संपवली. राजाची तसबीर भिंतीवरून गेली, तिच्या शेजारचा क्रूस मात्र राहिला. १९८४ मध्ये इटलीने व्हॅटिकनशी नवा करार केला आणि कॅथलिक धर्म हा राज्याचा एकमेव धर्म असल्याचं जुनं तत्त्व संपलं. त्यानंतरही क्रूस राहिला. 'शतकानुशतकांची परंपरा' म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं किती लोकांच्या श्रद्धेतून आलं आणि किती सरकारी परिपत्रकातून, हे तपासायची सवय लावून घ्या. कुठल्याही देशात, कुठल्याही धर्माबाबत. आपल्याही.

न्यायालयात सरकारची पंचाईत झाली. राज्याला आता अधिकृत धर्म नाही, मग एका धर्माचं चिन्ह प्रत्येक वर्गात का? उत्तर शोधलं गेलं, ते असं की हे निव्वळ धार्मिक चिन्ह नाही, हे इटलीच्या इतिहासाचं, संस्कृतीचं, राष्ट्रीय ओळखीचं चिन्ह आहे. मार्च २००५ मध्ये व्हेनेतो प्रांताच्या प्रशासकीय न्यायालयाने हे मान्य केलं, आणि त्याहीपुढे पाऊल टाकलं. क्रूस हे समता, स्वातंत्र्य, सहिष्णुता यांचं, आणि म्हणून राज्याच्या धर्मनिरपेक्षतेचंही प्रतीक आहे, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे धर्मनिरपेक्षतेसाठीच भिंतीवर क्रूस हवा! त्याच निकालात आणखी एक विचार आहे, तो नीट ऐका. जो आपल्या श्रद्धेचा नाही त्याला बाहेर ठेवण्याची वृत्ती प्रत्येक धर्मात असते, अपवाद फक्त ख्रिस्ती धर्माचा, असं न्यायालयाने लिहिलं.

बघा, गाडी कुठून निघाली आणि कुठे पोचली. सुरुवात झाली 'हा धर्माचा प्रश्नच नाही, संस्कृतीचा आहे' इथून. शेवट झाला 'आमचा धर्म तेवढा सर्वांना सामावणारा, बाकीचे नाहीत' इथे. संस्कृतीच्या दाराने धर्म पुन्हा घरात आला, आणि येताना शेजाऱ्यांना गुण देऊन आला.

बाई वरच्या न्यायालयात हरल्या आणि स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या. ३ नोव्हेंबर २००९ रोजी तिथल्या सात न्यायाधीशांनी एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि मानसिक त्रासाबद्दल ५,००० युरो भरपाई सांगितली. न्यायालयाचं म्हणणं असं की लहान मुलं सक्तीने शाळेत येतात, त्यांचं मन घडत असतं, अशा ठिकाणी राज्याने तटस्थ राहिलं पाहिजे. इटलीत गदारोळ उठला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष या निकालाविरुद्ध एका सुरात बोलू लागले. सरकारने अपील केलं, आणि १८ मार्च २०११ रोजी १७ न्यायाधीशांच्या महापीठाने १५ विरुद्ध २ मतांनी निकाल फिरवला. क्रूस राहिला, आजही आहे.

महापीठाचं म्हणणं काय होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आपल्या विरोधातला युक्तिवाद त्याच्या सगळ्यात भक्कम रूपात मांडता आला नाही, तर आपलं म्हणणं अजून कच्चं आहे असं समजा. अपिलात सामील झालेल्या आठ देशांच्या वतीने जोसेफ वायलर नावाचे कायद्याचे प्राध्यापक उभे राहिले. ते स्वतः धर्मनिष्ठ यहुदी, डोक्यावर किप्पा घालून त्यांनी क्रूसची बाजू मांडली, आणि एक पैसाही घेतला नाही. ते म्हणाले, कोरी भिंत तटस्थ असते हे कुणी सांगितलं? क्रूस उतरवलेली भिंतही काहीतरी सांगते, की धर्म इथे नको. इंग्लंडचा राजा तिथल्या चर्चचा प्रमुख आहे, म्हणून इंग्लंड असहिष्णू ठरतं का? युक्तिवादात दम आहे. कुणी मुस्लिम मुलगा मला म्हणाला की सगळं साफ करून टाका, एकही चिन्ह नको, की मी त्याला वायलर वाचायला सांगते.

महापीठाने एक गोष्ट मात्र मान्य केली, ती फारशी कुणी सांगत नाही. क्रूस हे सर्वप्रथम धार्मिक चिन्हच आहे, असं त्या निकालात म्हटलं आहे. निव्वळ संस्कृतीचा दावा तिथेही पूर्ण टिकला नाही. न्यायाधीश म्हणाले, या चिन्हामुळे बहुसंख्यांच्या धर्माला शाळेत ठळक जागा मिळते हे खरं, पण भिंतीवरचं चिन्ह काही शिकवत नाही, पूजा करायला लावत नाही, ते 'निष्क्रिय' आहे. युरोपात याबाबत एकमत नाही, म्हणून देशाने आपापलं ठरवावं. शिवाय त्यांनी इटलीच्या शाळांचं एकूण वातावरण पाहिलं. तिथे मुस्लिम मुलींना डोक्यावर ओढणी घेऊन वर्गात बसता येतं. रमजानची सुरुवात आणि शेवट शाळेत अनेकदा साजरा होतो. इतर धर्मांच्या ऐच्छिक शिक्षणालाही वाट आहे.

ऐकलंत? ज्या निकालाने क्रूस भिंतीवर ठेवला, त्याच निकालाला आधार देणारी एक गोष्ट मुस्लिम मुलीच्या डोक्यावरची ओढणी होती.

इथे मला थांबून दोन मुद्दे मांडायचे आहेत.

पहिला मुद्दा 'हा धर्म नाही, ही संस्कृती आहे' या वाक्याचा. ऐकायला ते किती उदार वाटतं! धर्म म्हटलं की तुमचा-आमचा होतो, संस्कृती सगळ्यांची. पण यात एक फास आहे. एखाद्या धर्माचं चिन्ह भिंतीवर असेल आणि तो माझा धर्म नसेल, तर मी म्हणू शकते, तुमचा धर्म तुम्हाला, माझा मला. माझं नागरिकत्व शाबूत राहतं. तेच चिन्ह 'राष्ट्राची ओळख' म्हणून टांगलं, की ते ज्याला आपलं वाटत नाही तो राष्ट्राच्याच बाहेर पडतो. धर्माच्या दाराबाहेर उभं राहणं सोपं आहे हो. देशाच्या दाराबाहेर उभं राहायला कुठलं मूल तयार होईल?

शिवाय हे वाक्य श्रद्धावंतांचाही अपमान करतं. जर्मनीत १९९५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने बव्हेरिया राज्याचा, सरकारी शाळांच्या वर्गांत क्रूस सक्तीचा करणारा नियम घटनाबाह्य ठरवला. मुलाला शाळेत येणं सक्तीचं आहे, त्याला त्या चिन्हाखालून उठून जाता येत नाही, हा त्यामागचा मुख्य विचार. पण २०१८ मध्ये बव्हेरियाच्या सरकारने राज्याच्या सरकारी इमारतींच्या प्रवेशद्वारात क्रूस लावण्याचा आदेश काढला. मुख्यमंत्री म्हणाले, हे आमच्या सांस्कृतिक ओळखीचं चिन्ह आहे. याला जोरदार विरोध कुणी केला? म्युनिकच्या कॅथलिक कार्डिनलांनी. त्यांचं म्हणणं होतं की क्रूसला नुसतं सांस्कृतिक चिन्ह समजणाऱ्याला क्रूस कळलेलाच नाही, आणि यातून समाजात फूट पडते. ज्याच्या मनात त्या चिन्हाबद्दल खरी भक्ती आहे, त्याला ते सरकारी फलक झालेलं बघवत नाही.

आता आपल्या देशात येऊ. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पार्ल्यातल्या एका पोटनिवडणुकीच्या खटल्यात हिंदुत्वाला 'जीवनपद्धती' म्हटलं. त्या खटल्यात प्रचाराची भाषणं न्यायालयाने दोषीच ठरवली होती, निवडणूकही रद्दच राहिली. लोकांच्या तोंडी मात्र एकच शब्द राहिला, जीवनपद्धती. केंद्रीय विद्यालयांतल्या सकाळच्या प्रार्थनेला आव्हान देणारी याचिका आली, तेव्हाही सरकारी बाजूचं म्हणणं हेच होतं की ही संस्कृत प्रार्थना धार्मिक नाही, ती वैश्विक सत्य सांगते. जानेवारी २०१९ मध्ये दोन न्यायमूर्तींनी ते प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवलं. आबानो तेर्मेच्या वर्गात जो युक्तिवाद झाला, तोच हा. देश बदलला, चिन्ह बदललं, वाक्य तेच.

म्हणून उद्या तुम्हाला कुणी म्हटलं, "ही संस्कृती आहे, धर्म नाही, तुम्हाला काय अडचण आहे?" तर चिडू नका. शांतपणे विचारा, "मग ही संस्कृती ठरवताना मला कुणी विचारलं होतं का?" संस्कृती सगळ्यांची असेल, तर ती ठरवणाऱ्यांतही सगळे हवेत.

दुसरा मुद्दा भिंत आणि माणूस यांतल्या फरकाचा. माझ्या मते आजच्या सगळ्या गोंधळाची किल्ली इथे आहे.

भिंत सरकारची असते. भिंतीवर जे टांगलं जातं, ते राज्य बोलतं. मुलीच्या डोक्यावरची ओढणी, शीख मुलाची पगडी, कपाळावरचा टिळा, गळ्यातला छोटा क्रूस, ही ती मुलं बोलतात. राज्याला सगळ्यांचं व्हायचं असेल तर त्याने कमी बोलावं. नागरिकाला गप्प बसवायचा अधिकार मात्र त्यातून निघत नाही.

युरोपच्या न्यायालयानेही इथे घोळ घातलेला आहे. २००१ मध्ये जिनिव्हातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचं प्रकरण त्यांच्यापुढे आलं. लहान मुलांच्या वर्गात ती डोक्यावर ओढणी घेत असे. न्यायालय म्हणालं, हे 'प्रभावी बाह्य चिन्ह' आहे, कोवळ्या मुलांवर परिणाम होऊ शकतो, आणि बंदी योग्य ठरवली. दहा वर्षांनी तेच न्यायालय क्रूसबद्दल म्हणालं, हे 'निष्क्रिय' चिन्ह आहे. शिक्षिका ही सरकारी नोकर, विद्यार्थिनी नव्हे, हा फरक मला मान्य आहे. तरीही एका बाईच्या डोक्यावरचं कापड प्रभावी आणि राज्याने प्रत्येक वर्गात टांगलेला क्रूस निष्क्रिय, हे तर्काला पटत नाही. आपल्याला सवयीचं असलेलं चिन्ह डोळ्यांना दिसतच नाही, आणि परक्याचं चिन्ह खुपतं. सवयीला तटस्थता समजण्याची ही जुनी मानवी खोड आहे.

भिंत आणि माणूस या दोन शब्दांनी जग बघा, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. फ्रान्समध्ये भिंत कोरी आणि माणूसही कोरा. १९०५ च्या कायद्याने सार्वजनिक इमारतींवर नवी धार्मिक चिन्हं लावायला मनाई झाली, आणि १५ मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळेतल्या मुलांची ठळक धार्मिक चिन्हंही बंद झाली. त्यात ओढणी गेली, किप्पा गेला, शिखांची पगडी गेली. इटलीत भिंतीवर बहुसंख्यांचं चिन्ह आहे, पण माणूस मोकळा आहे. दोन्ही मला पूर्ण मान्य नाहीत. फ्रान्स माणसाला गप्प करतो, इटली भिंतीला जास्त बोलू देते. पण दोघांचा हिशेब निदान कागदावर मांडलेला आहे.

आपल्याकडे धोका आहे तो चौथ्याच प्रकाराचा. भिंत बहुसंख्यांची आणि गप्प बसायचं अल्पसंख्याकांच्या मुलांनी. ५ फेब्रुवारी २०२२ रोजी कर्नाटक सरकारने गणवेशाचा आदेश काढला. आधी उडुपीच्या सरकारी कनिष्ठ महाविद्यालयात मुली वर्गाबाहेर बसल्या होत्या. १५ मार्चला कर्नाटक उच्च न्यायालयाने आदेश वैध ठरवला. हिजाब ही इस्लाममधली 'अत्यावश्यक प्रथा' नाही, असं त्यांनी म्हटलं. १३ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयात निकाल विभागला गेला. न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांनी बंदी योग्य ठरवली, न्यायमूर्ती सुधांशु धुलिया यांनी ती रद्द केली. धुलियांचा प्रश्न साधा होता. ग्रामीण भागातली मुलगी आधीच किती अडथळे ओलांडून शाळेत येते, आणखी एक अडथळा घालून आपण तिचं भलं करतो आहोत का?

पुढे मुंबईत चेंबूरच्या एका खासगी महाविद्यालयाचं प्रकरण आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ले यांवरच्या बंदीपुरती अंतरिम स्थगिती दिली. टिळा किंवा टिकली लावून येणाऱ्या मुलींनाही तुम्ही थांबवणार का, असं खंडपीठाने विचारलं. मी मघाशी सवयीच्या चिन्हाबद्दल बोलले, तो हाच प्रश्न.

इथपर्यंत टाळ्या वाजवणं सोपं होतं. आता जरा अवघड भाग.

तत्त्व मांडलं की ते आपल्या अंगावरही येतं. भिंत आणि माणूस हा फरक आपण मान्य केला, तर तो आपल्या घरातही मान्य करावा लागेल. सरकारने ओढणी काढायला लावू नये, तसंच घराने, मोहल्ल्याने, मौलवीसाहेबांनी ती घालायला लावू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये तेहरानमध्ये महसा अमिनी या तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला. तिला पकडलं होतं ते ओढणीच्या नियमावरून. त्याच सुमारास आपल्याकडे हिजाबची सुनावणी चालू होती. काही जणांनी उडुपीच्या मुलींसाठी पोस्ट टाकल्या, तेहरानबद्दल एक अक्षर नाही. काहींनी उलट केलं. मला दोन्ही गट कळत नाहीत. एका ठिकाणी राज्य ओढणी ओढून काढतं, दुसऱ्या ठिकाणी बांधायला लावतं, दोन्ही ठिकाणी हात राज्याचा आणि डोकं मुलीचं आहे. सूरह बकराची २५६ वी आयत धर्मात जबरदस्तीला जागा ठेवत नाही, हे आपण व्यासपीठावर नेहमी सांगतो. ते स्वयंपाकघरातही सांगावं लागेल.

दुसरं, आपल्या संस्था. मुस्लिम विश्वस्तांच्या अनेक अनुदानित शाळा महाराष्ट्रात आहेत आणि त्यांत इतर धर्मांची मुलंही शिकतात. अनुच्छेद ३० आपल्याला संस्था चालवायचा हक्क देतो. अनुच्छेद २८ चा तिसरा खंड सांगतो की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतल्या विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. म्हणजे तिथे सकाळी हम्द किंवा नात होत असेल, तर शेजारच्या वस्तीतल्या मुलाला नुसतं शांत उभं राहायची मोकळीक आहे का, हे आपल्या विश्वस्तांना आपणच विचारायचं आहे. दुसऱ्याच्या शाळेत जे मागतो, ते आपल्या शाळेत द्यायला हवं.

तिसरं, प्रत्येक गोष्ट हल्ला समजू नका. मराठी शाळेत दसऱ्याला पाटीपूजन होतं. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात, फुलं वाहतात, प्रसाद वाटतात. कित्येक मुस्लिम मुलांनी ती सरस्वती काढली आहे, चित्र म्हणून, मजा म्हणून, आणि संध्याकाळी घरी नमाजही पढली आहे. त्यांचा ईमान काही त्या पाटीवर पुसला गेला नाही. एखाद्या मुलाला काढायची नसेल, तर त्याने न काढणं इतकं साधं असलं पाहिजे की बाईंनी भुवईही उंचावू नये. सण साजरा करणं आणि सण सक्तीचा करणं यांत फरक आहे. आपला लढा सक्तीशी आहे. तो सणाशी झाला, तर आपण आपल्याच वर्गमित्रांशी लढत बसू.

मग करायचं काय? तीन गोष्टी सांगते.

पहिली, आपली परंपरा माहीत करून घ्या. १९८५ मध्ये केरळच्या एका शाळेतून तीन भावंडांना काढून टाकलं, कारण राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. ती 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाची होती. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. तिथे न्यायालयाने त्या पंथाचं म्हणणं बरोबर की चूक याचा निवाडा केला नाही, श्रद्धा प्रामाणिक आहे एवढं पाहिलं. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला, ज्याने शाळेतल्या प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला होता. ही माणसं मुस्लिम नव्हती. त्यांच्या लढाईचं फळ आपल्यालाही मिळतं. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या बौद्ध शिक्षकावर, ख्रिस्ती मुलावर किंवा नास्तिक बापावर असा प्रसंग आला, तर आपण तिथे उभे असलो पाहिजे. फक्त आपला नंबर लागल्यावर संविधान आठवणाऱ्याचं संविधान कुणी गंभीरपणे घेत नाही.

दुसरी, समितीत बसा. इटलीतला वाद शाळा समितीच्या बैठकीतून सुरू झाला, नऊ वर्षं न्यायालयं फिरला. दरम्यान एका शिक्षकाने आपल्या तासाला क्रूस उतरवून ठेवला म्हणून त्याच्यावर कारवाई झाली, तेही प्रकरण वरपर्यंत गेलं. सप्टेंबर २०२१ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की क्रूस लावणं सक्तीचं नाही. शाळेतल्या लोकांनी एकत्र बसून, सगळ्यांचं ऐकून, मधला मार्ग काढून ठरवावं, आणि लावायचाच असेल तर इतर धर्मांच्या चिन्हांनाही जागा देता येईल. शिक्षकावरची शिक्षाही रद्द झाली. म्हणजे एवढी न्यायालयं फिरून प्रश्न पुन्हा शाळेच्या बैठकीत आला!

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांना. आपल्या वस्तीतल्या किती आया त्या समितीत आहेत? ज्या आहेत, त्यांच्यापैकी किती जणी बैठकीला जातात आणि किती जणींच्या सह्या घरपोच होतात? तुम्ही शिकलेली पोरं आहात. आपल्या भाभीला, आपाला घेऊन त्या बैठकीला जा. तिथे आधी पाण्याच्या टाकीबद्दल बोला, मुलींच्या स्वच्छतागृहाबद्दल बोला, पोषण आहाराबद्दल बोला. शाळा सगळ्यांची आहे हे आधी कामातून दाखवा. मग परिपाठात काय असावं, भिंतीवर कुणाची चित्रं असावीत, यावर तुमचं म्हणणं कुणी झिडकारणार नाही. भिंतीवर सावित्रीबाई हव्यात, फातिमाबी हव्यात, संविधानाची उद्देशिका हवी, असं मागताना तुम्ही पाहुणे नसाल.

तिसरी गोष्ट, आपल्या मातीत या प्रश्नाचं उत्तर सापडतं, ते वाचा. जोतीराव फुल्यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. त्यात ते एका कुटुंबाची कल्पना करतात. घरातल्या बाईने बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून तो धर्म घ्यावा, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावं, मुलाने सत्यधर्मी व्हावं, आणि सगळ्यांनी एकमेकांचा द्वेष न करता एकाच घरात प्रेमाने राहावं. विचार करा, ज्या काळात परधर्मीयाच्या हातचं पाणी चालत नसे, त्या काळात पुण्यातला एक माणूस हे लिहितो. त्या घराच्या भिंतीवर काय टांगलं असेल, हे फुल्यांनी लिहिलेलं नाही. मला वाटतं, त्या घरात तो प्रश्न भांडणाचा झालाच नसता. चौघांनी बसून ठरवलं असतं.

राष्ट्राची संस्कृती म्हणून मला जे घर हवं आहे, ते हे. त्यात माझी मुलगी कुराण हातात घेऊन बसू शकते आणि तिला कुणी विचारत नाही की तू या घरची कशी. ते घर आयतं मिळणार नाही, पण त्याची बैठक दर महिन्याला तुमच्या गावच्या शाळेत भरते. पुढच्या बैठकीची तारीख हेडमास्तरांना विचारून घ्या.